वैनगंगेच्या पोट्ट्यांनो, समुद्रात उतरण्याआधी

यंदा आमच्या पवनीच्या पट्ट्यात रोवणी लवकर आटोपली. बांधीतून पाय बाहेर निघाले तशा दिवाळीनंतरच्या सहलींच्या गोष्टी सुरू झाल्या. आधी शेगाव, पंढरपूर, फार तर कोल्हापूर एवढंच असायचं. आता यादीच्या शेवटी मालवण असतंच. कुडाळला उतरायचं, तारकर्लीला मुक्काम करायचा, एक दिवस स्कुबा. घरात नोकरीचा पैसा असेल तर गोष्ट अंदमानपर्यंत जाते. मी डायव्हिंगचं काम करतो हे गावाला माहीत आहे. पावसाळ्यात तिकडचा सीझन बंद असतो, मी घरी असतो, मग विचारणा सुरू होते. पैसे किती लागतात, फोटो कोण काढतं, मासे जवळ येतात का. पाण्याला ओढ किती असते, हे मात्र मला अजून एकानेही विचारलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

आमच्याकडची पोरं पाण्याला भीत नाहीत, हे खरं आहे. मामा तलावात, म्हणजे माजी मालगुजारांच्या जुन्या तलावात, म्हशींच्या मागे मागे पोहायला शिकलेली, पोळ्याला बैल धुवायला नदीत उतरलेली पोरं ही. मीही त्यातलाच. घर ढिवरांचं. आजोबा डोंग्यातून जाळं टाकायचे, बाबा अजून टाकतात. गोसीखुर्दला पाणी अडलं तशी मासेमारी धारेवरून जलाशयाकडे सरकली, पण पाण्याची ओळख काही अंगातून गेली नाही. आणि नेमकी याच धिटाईची मला काळजी वाटते. ज्याला पोहता येत नाही तो समुद्रापुढे निदान कचरतो. "आपल्याले पोहता येते ना बा" म्हणून छातीभर पाण्याच्या पुढे जातो, तो आपलाच पोरगा असतो.

बाबा नदी कशी ओलांडायचे ते सांगतो, कारण सगळं त्यात आहे. पाणी चढलेलं असेल तेव्हा ते घाटावरून सरळ समोर कधीच निघत नसत. आधी काठाकाठाने वरच्या अंगाला बरंच चालत जायचे. तिथे थांबून एखादी काडी पाण्यात फेकायची आणि ती कुठे जाते ते पाहत राहायचं. काठाजवळ ती रेंगाळते, मधल्या धारेत शिरली की एकदम पळते, पुढे खडकाच्या मागे गेली की उलटी फिरते. हे सगळं ते डोळ्यांत धरत. मग पलीकडच्या काठावर, खालच्या अंगाला, बाहेर निघायची जागा ठरवायची. ती चुकली तर तिच्याही खाली दुसरी. एवढं झाल्याशिवाय पाय ओला होत नसे. उतरल्यावर तोंड समोरच्या काठाकडे ठेवायचं आणि पाणी खाली नेईल तितकं नेऊ द्यायचं. "पान्यासंगं झगडाचं नाही रे. त्याले जाऊ दे, तू आडवा सरक," हे त्यांचं सांगणं. आता ठिकठिकाणी पूल झाले आहेत, पुरात उतरायचं कारण उरलेलं नाही, आणि कोणी उतरूही नये. पण हे सांगणं सोडून देण्यासारखं नाही.

समुद्रात हेच शहाणपण लागतं, आणि समुद्र पाहिला की हेच आपण विसरतो. नदी वाहताना डोळ्यांना दिसते. समुद्राची लाट येते आणि जाते, त्यामुळे वाटतं की पाणी जागच्या जागीच हलतंय. तसं ते नसतं.

किनाऱ्यावर फुटणारी प्रत्येक लाट पाणी वर आणून टाकत असते. ते सगळं पाणी परत आत जायला हवं. आपल्या बांधीत पाणी जास्त झालं की ते सगळ्या पाळीवरून सारखं वाहत नाही, जिथे पाळ खचली त्या एका तोंडातून जातं, आणि तिथे त्याला जोर असतो. समुद्राच्या तळाशी वाळूचे असेच बांध असतात. त्यात जिथे खोलगट वाट सापडेल तिथून परतीचं पाणी एकवटून आत धावतं. याला रिप करंट म्हणतात. ही वाट काही मीटर रुंद असू शकते, कधी त्याहून बरीच मोठी. साध्या रिपचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. जोराचा असेल तर तो सेकंदाला 2.5 मीटरपर्यंत जाऊ शकतो. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चीनच्या पान झानलेने 100 मीटर अंतर 46.40 सेकंदांत कापून विश्वविक्रम केला. हिशोब करा, सेकंदाला 2.15 मीटर होतात. म्हणजे जगातला सगळ्यात वेगवान माणूसही अशा पाण्याला तोंड देऊन किनाऱ्याकडे येऊ शकत नाही. मग नांगरणी-रोवणीने कमावलेल्या आपल्या दंडांचं काय सांगावं.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. रिप जिथे असतो तिथे पाणी खोल असतं, त्यामुळे तिथे लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पट्टी. लेकराबाळांना घेऊन आलेली माणसं "इथं लाटा नाहीत" म्हणून तिथेच उतरतात. हे मी मालवणच्या बाजूला काम करत असताना किनाऱ्यावरून इतक्या वेळा पाहिलं आहे की आता कुठल्याही किनाऱ्यावर गेलो तरी आधी नजर त्या पट्टीकडे जाते. फेस आणि कचरा आतल्या दिशेने सरकताना दिसला, वाळूने गढूळ झालेलं पाणी आत लांबवर पसरलेलं दिसलं, की ती जागा सोडा. जीवरक्षक असतील तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे उतरा. झेंडे नसतील, जीवरक्षक नसतील, तर गुडघ्यापर्यंत पाण्यात उभं राहून फोटो काढा आणि परत या. त्यात काही कमी होत नाही.

सापडलातच तर काय करायचं? रिप खाली ओढत नाही, तो आत नेतो. तळाशी नेईल ही भीती आधी मनातून काढा. पाठीवर तरंगा, श्वास चालू ठेवा, एक हात वर करा. बांधाच्या पलीकडे गेल्यावर त्याचा जोर सहसा ओसरतो. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा, बाबा म्हणतात तसं आडवं. लाटा फुटताना दिसल्या की त्यांच्याबरोबर तिरपं किनाऱ्याकडे या. आणि जे किनाऱ्यावर उभे आहेत त्यांनी मागे उडी मारू नये. एक वाहत चालला की भाऊ उतरतो, भावामागे मित्र, अशी ही साखळी असते. पाण्याची रिकामी वीस लिटरची कॅन झाकण घट्ट लावून फेका. फुटबॉल फेका, दोर फेका, तरंगेल ते काहीही फेका आणि नजर त्याच्यावरून हलू देऊ नका. त्याच्याकडे बोट करून उभा राहणारा माणूस बचावाला येणाऱ्या बोटीच्या फार कामी येतो.

आता भरती-ओहोटी. ती आपल्याकडे नाही, म्हणून तिचा विचार आपल्या डोक्यात येत नाही. पण तिचा हिशोब आपल्या भिंतीवर टांगलेला असतो. अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, तेव्हा उधाणाची भरती येते. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणून ते जास्त वेगाने पळतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा हालचाल सगळ्यात कमी. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. कोकणातले जुने लोक ढोबळ हिशोब करतात: तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. तासभर इकडेतिकडे होतं, आणि किनारा बदलला की वेळही बदलते, म्हणून खरं कोष्टक पाहिलंच पाहिजे. पण भंडाऱ्यात बसून सहलीची तारीख ठरवताना कॅलेंडरवर एक नजर टाकायला हरकत काय? कोजागिरीला चांदण्यात समुद्र पाहायला जायची हौस मला समजते. तेव्हा पाणी उधाणाचं असतं, एवढं लक्षात घेऊन जा.

भरतीचं पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. पहिल्या तासात थोडं, मग जास्त, मधल्या दोन तासांत एकूण पाण्यापैकी जवळपास अर्धं, आणि मग परत हळू. भरती संपून ओहोटी लागायच्या मधे थोडा वेळ पाणी थांबल्यासारखं होतं. आम्ही डायव्हर लोक त्या वेळेची वाट पाहतो. किनाऱ्याचा आकार निमुळता असेल तर पाण्याची चढउतार वाढते. खंबातच्या आखातात ती 10 मीटरच्याही वर जाते. नॉर्वेत साल्टस्ट्राउमेन नावाच्या अरुंद सामुद्रधुनीत भरतीचं पाणी 20 नॉटच्या आसपास धावतं, म्हणजे ताशी 37 किलोमीटर. मालवण किंवा अंदमानात असलं काही नसतं. पण डायव्हरला अडचणीत टाकायला एक नॉटही पुरतो.

एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. आपल्या चालण्याच्या वेगाच्या निम्माही नाही. ऐकायला काहीच वाटत नाही. पण पाठीवर हवेची टाकी, अंगावर हवा भरता येणारं जॅकेट, कमरेला वजन घेऊन पायातले फिन, म्हणजे रबरी पंख, पाण्यात मारून बघा. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा विरोध चौपट होतो. एक नॉटला तोंड देऊन चांगला डायव्हरही फार वेळ टिकत नाही.

याचा हिशोब हवेत मांडतो, कारण हवा संपली की बाकी सगळं संपतं. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत 11.1 लिटर जागा असते. 200 बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरली की त्यात साधारण 2200 लिटर हवा मावते. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर वापरतो असं धरा. पाण्यात दर 10 मीटरला एक वातावरण दाब वाढतो, त्यामुळे 20 मीटरवर तिप्पट, म्हणजे मिनिटाला 60 लिटर जातात. टाकी 37 मिनिटं पुरेल. आता तोच माणूस करंटशी, म्हणजे पाण्याच्या ओढीशी, झगडू लागला, धाप लागली, आणि वापर 50 लिटरवर गेला. 20 मीटरवर तो 150 होतो. टाकी 15 मिनिटांत रिकामी. त्यातली 50 बार तर वर येण्यासाठी राखून ठेवायची असते, ती वजा केली तर हातात अकराच मिनिटं राहतात. शिवाय धापा टाकताना छातीत कार्बन डायऑक्साइड साचतो. तो साचला की माणसाला हवा पुरत नाही असं वाटतं, तो घाबरतो, आणि घाबरला की अजून धापा टाकतो. करंटचा खरा धोका मला इथे दिसतो. पाणी कुठे नेतं हा पुढचा प्रश्न. आधी ते माणसाला दमवतं.

म्हणून डायव्ह ठरते किंवा रद्द होते ती बोटीवर. अंदमानात आम्ही जागेवर पोचलो की कोणालाही सामान चढवू देत नाही. आधी मी पुढच्या टोकाला जाऊन नांगराच्या दोराला बांधलेला तरंगता बोया पाहतो. पाणी थांबलेलं असेल तर बोया सैल डोलतो, दोर खाली लोंबत असतो. ओढ असेल तर बोया एका बाजूला कलतो, त्याच्या तोंडाशी पाणी चढून दोन्ही अंगांनी मिशा फुटतात. दोर ताठ झालेला असतो, त्यावर तळवा ठेवला की आतून थरथर लागते. तेवढ्यावर भागत नाही, कारण वरचं पाणी एकीकडे आणि खालचं दुसरीकडे जाऊ शकतं. मग आमच्यातला एक जण दोर धरून खाली उतरतो. खाली मासे सांगतात. करंट असला की सगळे मासे एकाच दिशेला तोंड करून, जागेवर शेपटी हलवत उभे असतात. समुद्रपंखे, म्हणजे पंख्यासारखे पसरलेले प्रवाळ, एका बाजूला वाकलेले असतात. आपले बुडबुडे सरळ वर न जाता तिरपे पळतात. हे पाहायला दोन मिनिटं लागतात, आणि आमच्या कामात यापेक्षा महत्त्वाची दोन मिनिटं मला माहीत नाहीत.

स्वराज द्वीपजवळ जॉनीज गॉर्ज म्हणून एक खोल जागा आहे, मासे अफाट, आणि तिथे करंट येतो. मागच्या सीझनला वर्ध्याकडचं एक जोडपं आमच्या बोटीवर होतं. माझी बोली ऐकून त्यांना फार आनंद झाला, मलाही झाला. जागेवर पोचलो तर दोर थरथरत होता. खाली गेलेला सोबती वर येऊन म्हणाला, नको. आम्ही बोट फिरवून आडोशाच्या खाडीत नेली. त्या भाऊंचा चेहरा उतरला. "इतक्या लांबून आलो जी आम्ही, आपल्या माणसासाठी तरी न्या ना," असं ते म्हणाले. त्यांच्याकडे डायव्हिंग शिकल्याचं कार्ड होतं, पैसे भरलेले होते, सुट्टी संपत आली होती. मी त्यांना एवढंच म्हणालो, भाऊजी, आपल्या माणसासाठीच नेत नाही. तो दोर मी त्यांच्या हातात दिला, थरथर त्यांनी स्वतः पाहिली, मग ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी आठ मीटरवर कासव पाहिलं.

आणि खाली उतरल्यावरच करंट सुरू झाला तर? तळाशी राहा, तिथे वेग कमी असतो. दोरापाशी असाल तर दोर धरा. मेलेल्या खडकाचा आडोसा घ्या, जिवंत प्रवाळाला हात लावू नका. श्वास ताळ्यावर आणा. परत फिरणं शक्य नसेल तर डायव्ह तिथेच संपवा, सोबत्याबरोबर रहा आणि सावकाश वर या. 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायची पद्धत आहे, तीही पाण्याबरोबर वाहतच पाळायची. पाण्यातल्या उभ्या भिंतीजवळ कधी कधी पाणी धडकून खाली वळतं. बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली जाताना दिसले की समजा. तेव्हा सरळ वर जायची धडपड करू नका, भिंतीपासून लांब आडवे सरका, जॅकेटात थोडी हवा भरा. ओढीतून सुटल्याबरोबर ती हवा सोडायला विसरू नका, नाहीतर झपाट्याने वर फेकले जाल, आणि त्याने फुप्फुसं फाटू शकतात. श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम इथेच कामी येतो.

वर आल्यावर बोट लांब असेल, तर पुढचा सगळा खेळ दिसण्याचा असतो. एक नॉटने दहा मिनिटांत माणूस तीनशे मीटर जातो, आणि थोड्याशा लाटांत तीनशे मीटरवरचं डोकं दिसत नाही. म्हणून आम्ही नारिंगी रंगाची लांब फुग्यासारखी नळी जवळ बाळगतो, तिला एसएमबी म्हणतात. ती हवा भरून उभी केली की बोटीवरून नजरेत भरते. शिट्टी, छोटा आरसा आणि टॉर्च यांचं मिळून वजन पावशेरही नाही. जॅकेट फुगवा, वजनपट्टा टाकून द्या, सगळे एकत्र राहा, पोहत सुटू नका.

रॉब हेविट हा न्यूझीलंडच्या नौदलातला अनुभवी डायव्हर. फेब्रुवारी 2006 मध्ये वेलिंग्टनच्या उत्तरेला माना बेटाजवळ तो करंटने वाहून गेला. नौदलात शिकलेला, अंगाने दणकट माणूस, पण किनारा दिसत असूनही त्याला गाठता येईना. 75 तासांनी तो जिवंत सापडला, आणि त्याला पाण्यातून काढणाऱ्यांत त्याचेच नौदलातले सोबती होते. अंगातल्या जाड सूटने त्याला तरंगत ठेवलं आणि ऊब दिली. जून 2008 मध्ये इंडोनेशियात कोमोडोजवळ पाच युरोपियन डायव्हर असेच बोटीपासून तुटले. तिथे प्रशांत महासागराचं पाणी बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून हिंदी महासागराकडे उतरत असतं, त्यात भरती-ओहोटी मिसळते, म्हणून तो भाग करंटसाठी प्रसिद्ध आहे. ते कित्येक तास वाहत रिंचा बेटाला लागले, आणि त्या बेटावर कोमोडो ड्रॅगन राहतात. पाचही जण वाचले. सगळेच वाचत नाहीत. जानेवारी 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्यात असतानाच बोट निघून गेली, कारण बोटीवर माणसं मोजण्यात चूक झाली. त्यांचं सामान बोटीवर तसंच पडलेलं आहे हे दोन दिवसांनी लक्षात आलं. ते दोघं कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये माणसं मोजण्याचे नियम कडक झाले. म्हणून मी उतरण्याआधी आणि चढल्यावर नावं घेऊन मोजतो. पाहुण्यांना ते शाळेतल्या हजेरीसारखं वाटत असेल, वाटू दे.

मालवणला तुम्ही जे कराल ते बहुतेक पहिल्यांदाचं स्कुबा असेल, कोर्स न करता. त्यात 12 मीटरच्या खाली न्यायचं नसतं, आणि शिक्षक पूर्ण वेळ तुमच्याजवळ असतो. ते नीट केलं तर सुरक्षित आहे, आणि सुंदर आहे. मी तर म्हणतो प्रत्येकाने एकदा पाण्याखालून वर पाहावं. फक्त पैसे देण्याआधी बोला. एका शिक्षकामागे पाण्यात किती माणसं? माझ्याजवळ एकच शिक्षक असेल का? आम्ही खाली असताना बोटीवर कोण थांबणार? बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का? आज भरती किती वाजता? या शेवटच्या प्रश्नाला जो विचार न करता, चटकन उत्तर देतो, त्याच्याबरोबर जा. जो "काही नाही होत, चला" म्हणतो त्याच्याबरोबर जाऊ नका, कितीही स्वस्त पडो. कोर्सच करायचा असेल तर तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंगची संस्था आहे, तिथे चौकशी करा.

समुद्राचा अंदाज पाहायला मुंबईकडे तोंड करायची गरज नाही. उंच लाटांचे इशारे आणि करंटचे अंदाज देणारी इन्कॉइस ही सरकारी संस्था हैदराबादला आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या लोकांना हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. मोबाईलवर दिसतं सगळं. इशारा असेल त्या दिवशी किल्ला पाहा, बाजार पाहा.

बोटीवर एक फॉर्म भरायला देतात, त्यात दमा, फिट, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन असं विचारलेलं असतं. आपल्याकडचे लोक सगळीकडे "नाही" लिहून सही ठोकतात, कारण पैसे बुडतील ही भीती. खरं लिहा. आदल्या रात्री दारू नको. अंदमानला जाणाऱ्यांनी विमानाचं तिकीट काढताना शेवटचा दिवस पाण्याशिवाय ठेवावा. दाबाखाली शरीरात नायट्रोजन विरघळतो, तो निघून जायला वेळ लागतो, आणि विमानात दाब कमी होतो. एकच डायव्ह केली तरी निदान 12 तास, जास्त केल्या असतील तर 18 तास थांबायचं. सकाळी स्कुबा आणि दुपारच्या विमानाने चेन्नईमार्गे नागपूर, असं पॅकेज कोणी देत असेल तर ते घेऊ नका.

मी दिवाळीच्या आधी अंदमानला निघेन. तोपर्यंत पाऊस उघडला की रविवारी सकाळी मामा तलावाच्या पायऱ्यांकडच्या उथळ बाजूला आहे. पाठीवर न दमता तरंगणं, कॅन फेकून माणूस ओढणं, मास्कमध्ये पाणी शिरलं तर न घाबरता श्वास घेणं, एवढं शिकवतो. मुलींनीही यावं, आया-मावश्यांनीही यावं, सहलीला त्याही येणारच आहेत. बाबा पाळीवर बसून लक्ष ठेवतील. येताना घरची एक रिकामी कॅन आणि बैलाचा जुना दोर आणा, मास्क माझ्याकडे आहेत.